पांढरं तिकीट

जुनी पुस्तकं आणि प्रवासाचे जुने कागद जमवणाऱ्या माणसाची घरात काय किंमत असते, ते आमच्या बुलढाण्याच्या घरी येऊन ऐकावं. "माणसाले बसाले जागा नाही, अन् तिकिटाईले कपाट!" हे बायकोचं रोजचं. तिचं खरंच आहे. एसटीची रंगीत तिकिटं, रेल्वेची पुठ्ठ्याची तिकिटं, वेळापत्रकं, धर्मशाळांच्या पावत्या, हे सगळं मी कित्येक वर्षं जमवतोय. मास्तरकीतून निवृत्त झालो, यातून नाही.

हा माल मला बहुतेक धाड गावच्या बाजारात मिळतो. तिथला रद्दीवाला जुनी पुस्तकं माझ्यासाठी बाजूला ठेवतो आणि वर टोमणे मारतो, "मास्तर, लोक बाजारातून वांगे नेतात, तुम्ही कसर नेता." मागच्या दिवाळीनंतर त्यानं एक पुस्तक दिलं. बुद्धाच्या स्थळांचा प्रवास, कुणा हौशी माणसानं आगगाडीनं, नावेनं, टांग्यानं केलेला. कव्हर गायब, पण आतला घडीचा नकाशा शाबूत. बाप्पा, मी बाजारात नाचायचाच बाकी होतो! शिवाय पानांमध्ये एसटीची सात तिकिटं.

घरी येऊन मी नेहमीचंच केलं. माझी पद्धत ठरलेली आहे. पुस्तक आधी झटकायचं, आतला कागद बाहेर काढायचा, कागद वेगळा, पुस्तक वेगळं. सहा रंगीत तिकिटं रंगाप्रमाणे वहीत लावली. सातवं मात्र हल्लीच्या मशीनचं निघालं, पांढरं, बुलढाणा ते धाड, हाफ. असली तिकिटं माझ्या स्वतःच्या खिशात चोळामोळा होऊन पडलेली असतात. तेही चुरगळलं आणि केरात टाकलं.

पंधराएक दिवसांनी रद्दीवाल्याचा फोन. "मास्तर, त्या पुस्तकवाली बाई येऊन बसली आहे. मले काही सुचू देऊन नाही राह्यली. तुम्ही याच."

माझं डोकंच फिरलं. विकलं ते विकलं, आता कसलं परत मागणं? पुस्तक पिशवीत घातलं, पण ते दाखवायला, द्यायला नाही. एसटीत बसून सगळा रस्ता मनातल्या मनात भांडत गेलो.

बाई सत्तरीची असेल. रद्दीच्या गठ्ठ्यावर बसली होती, पायाशी विळ्याची पिशवी, म्हणजे वावरातूनच आलेली. तिनं तोंड उघडायच्या आत मी सुरू झालो, "मावशी, पुस्तक काही परत मिळणार नाही. आधीच सांगतो."

"पुस्तक ठेवा तुम्ही, भाऊ," ती म्हणाली. "मले फक्त एवढं सांगा, पांढरं तिकीट कोणत्या पानात होतं?"

मी पिशवी खाली ठेवली. मग तिनंच सगळं सांगितलं. तिला अक्षर येत नाही. तिचे मालक, म्हणजे नवरा, शिपाई होते कचेरीत, त्यांना वाचनाचा नाद. निवृत्त झाल्यावर रोज दिवेलागणीला ते तिला हे पुस्तक वाचून दाखवायचे. दोघांचं खरंच जायचं ठरलं होतं त्या गावांना, पण आधी त्यांचे गुडघे गेले, मग छाती. तेव्हा पुस्तकातूनच जाऊ म्हणाले. जिथं थांबायचे तिथं तिकीट घालायचे. शेवटचं तिकीट बुलढाण्याच्या दवाखान्यातून येतानाचं. पावसाळ्याच्या तोंडावर ते वारले, आणि दिवाळीला घर रंगवताना पोरानं सगळी रद्दी काढली. ती तेव्हा कापूस वेचायला गेली होती.

"पोराचा काही दोष नाही, त्याले काय माहीत," ती म्हणाली. "पण आमचा प्रवास अर्धा राह्यला न भाऊ. कुठलोक आलो तेवढं समजलं असतं, त पुढचं कोणाकडून तरी वाचून घेतलं असतं."

आता काय सांगू? सांगितलं. "मावशी, ते तिकीट मी फेकून दिलं."

"फेकलं?" ती एवढंच म्हणाली. मला लाज वाटली. आरडाओरडा केला असता तर मी दोन शब्द उलट बोललो असतो, त्यात मी पटाईत आहे. मी घाईघाईनं पानं चाळू लागलो. जुन्या रंगीत तिकिटांचे पिवळट डाग पानोपानी उमटलेले होते. पांढऱ्याचा मागमूस नव्हता.

रद्दीवाला म्हणाला, "मास्तर, पोरायले जन्मभर वाचून दाखवलं न? मंग यायले काऊन नाही दाखवत?"

कधी नव्हे ते शहाणपणाचं बोलला. आम्ही तिच्या घरी गेलो. नवा रंग, भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली एकच खुर्ची. तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली बसली. "नाव पल्याड लागली होती, एवढं आठवते," म्हणाली. मी ते पान शोधलं आणि वाचायला लागलो.

तिचे ओठ हलत होते. मी वाक्य संपवायच्या आत ती शेवटचा शब्द पुटपुटायची. नदी, वाळू, नावाड्याशी घासाघीस, सगळं तिला पाठ. दहा पानं झाली, पंधरा झाली. लेखक एका लहानशा स्टेशनावर उतरला, टांग्याची वाट पाहत बसला.

"थांबा," ती म्हणाली. "इथीच."

"नक्की?"

"हाव. इथी ठसका आला त्यायले. म्हणे, पाणी आण. मी पाणी आणाले उठली." तिनं आतल्या दाराकडे पाहिलं. "मंग नाहीच वाचलं त्यायनं."

मी वाक्याच्या मध्येच थांबलो होतो. खिसा चाचपला, त्यात त्या दिवसाचं माझं तिकीट होतं. पांढरं, बुलढाणा ते धाड, हाफ. ते त्या पानात ठेवलं आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. "हे तुमचंच आहे, मावशी." मी उगाच खाकरलो.

ती उठली. आत जाऊन तांब्या घेऊन आली, माझ्यापुढे ठेवला आणि पुस्तक उघडून परत माझ्या हातात दिलं.

"पाणी प्या, भाऊ," म्हणाली. "अन् मंग वाचा पुढं."

मी दोन घोट प्यालो आणि वाचायला लागलो. आता तिचे ओठ हलत नव्हते.