वैशालीताईचं मँगनीज

आमच्या लॅबमध्ये हळदीला बंदी आहे. ती वैशालीताईमुळे.

आज सकाळी अकोल्यात ताई गेली.

अमरावतीच्या लॅबमध्ये ती माझी सीनियर. तेल्हाऱ्याची. चुकलं की झापणारी, आणि मग स्वतःच्या डब्यातली भाकर माझ्यापुढे सरकवणारी.

आमचं काम बॅटरीचं. लिथियम बॅटरीच्या कॅथोडमधलं मँगनीज हळूहळू आतल्या द्रवात, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमध्ये, विरघळतं आणि बॅटरी म्हातारी होते. उष्णतेत जास्तच. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

हे थांबवायला ताईनं त्या द्रवात मिसळायचं एक ॲडिटिव्ह बनवलं होतं.

ते चालतं की नाही, एवढंच तिला जायच्या आधी पाहायचं होतं. आपला आजार बरा होणारा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

कॅथोडचे तुकडे टाकलेल्या बाटल्या आठवडेच्या आठवडे गरम ओव्हनमध्ये राहिल्या. मग मोजलं.

सगळीकडे मँगनीज! जिच्यात कॅथोड टाकलाच नव्हता, त्या बाटलीतसुद्धा!

आम्ही हैराण. ताईनं मात्र कपाळावर हात मारला.

"अरे बाप्पा! खंडेनवमी!"

पूजेच्या दिवशी मशीनला हळदकुंकू लावताना तिनं बाटल्यांच्या झाकणांनाही बोट लावलं होतं. हळदीत मँगनीज असतं. झाकणं उघडताना हळद आत पडली.

"बाटल्यांना कशाला लावलं, ताई?"

"मशीनले लावलं. मंग यायनं काय पाप केलं होतं?"

हसून हसून पुरेवाट झाली. मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. नवीन बाटल्या म्हणजे पुन्हा तेवढेच आठवडे.

लॅबचे सर म्हणाले, "रिकाम्या बाटलीचा आकडा वजा कर आणि पुढे चल."

"कोणत्या बाटलीत किती पडली, मले काय माहीत सर? वजा कसं करू?"

सगळं पहिल्यापासून लावलं तिनं. किमोच्या अधेमधे येऊन. येणंच बंद झालं, तेव्हा बाटल्या माझ्यावर सोपवल्या.

परवा रिझल्ट आला. मी तडक अकोल्याची बस धरली. वाटेत ठरवलं होतं, 'पूर्ण थांबलं' असंच सांगायचं.

"खरं सांगजो रे पोट्ट्या."

माझ्याच्यानं खोटं बोलवलं नाही.

"अर्धं थांबलं, ताई. अर्धं अजून निघून राहिलं."

ती हसली.

"अर्धं थांबलं न? मंग रडून काहून राहिला? उरलेलं तू थांबव."

तेच आमचं शेवटचं बोलणं.

लई जीव होता माझा तिच्यावर. तिच्याशिवाय त्या लॅबमध्ये पाय टाकवणार नाही, असं वाटून राहिलं.

पण उद्या नव्या बाटल्या लावतो, ताई.

तू आता निवांत झोप.