मासे मुलाचे, किडे माझे

फिश टँक मुलाचा. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि टँक माझ्या गळ्यात पडला. जाण्याआधी त्यानं मला बसवून सगळं समजावलं होतं. पाणी किती बदलायचं, पंप कधी बंद करायचा, दाणे किती टाकायचे. मी मान डोलावत होते. दिवसभर कचेरीत राबून आलेली बाई संध्याकाळी कशालाही मान डोलावते, हे त्याला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

मी नारायणगुड्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. घर नल्लकुंट्याला, तिसऱ्या मजल्यावर. नवरा फिरतीच्या नोकरीत, निम्मा महिना बाहेर. घरात मी आणि माझे सासरे. ते कोर्टातून निवृत्त झाले त्यालाही जमाना झाला. आता ऐंशीच्या पुढे आहेत. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. शेवटी शेवटी त्या अंथरुणालाच खिळल्या होत्या, आणि तेव्हा ऑफिस, औषधं, धुणं, स्वयंपाक असं सगळं ओढून मी जी दमले, ती दमलेलीच राहिले. झोप झाली तरी तो थकवा जात नाही.

अशात एका सकाळी टँकच्या काचेवर पांढरे ठिपके दिसले. धूळ असेल म्हणून मी बाहेरून फडकं मारलं. धूळ आतून उडी मारून दुसरीकडे बसली. चष्मा लावून पाहिलं तर खसखशीपेक्षा बारीक, शेकडो जीव. काही काचेवर झटके देत चालत होते, काही पाण्यात गरगरत होते, आणि तळाच्या खड्यांतून दोऱ्याच्या तुकड्यांसारखे पांढरे किडे वळवळत वर येत होते. मला शिसारी आली. मी चहाचा कप तसाच ठेवून दिला.

मुलाला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"आई, हे डस्ट आहे. कॅमेरा पूस."

"धूळ उड्या मारते का रे?"

"मग चिल कर ना. बारीक बग्ज असतात, हार्मलेस. तू ओव्हरफीड करतेयस बघ."

मला राग आला. मी सकाळी दोन बोटांत मावतील तेवढेच दाणे टाकत होते, त्यानं शिकवलं होतं तसे. इतकी वर्षं याला मोजूनमापून वाढलं, आणि मी माशांना जास्त वाढते म्हणे!

ऑफिस सुटल्यावर शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेले. त्यानं फोटोकडे धड पाहिलंही नाही. "कायकू टेन्शन लेरे मॅडम, ये नीली दवा डालो, परसों तक सब साफ हो जाते देखो." मी दवा आणली, टाकली. पाणी निळं झालं, माझी बोटं निळी झाली, काचेच्या कडा निळ्या झाल्या. किडे होते तसेच. त्या निळ्या पाण्यातही त्यांचं छान चाललं होतं. मेले ते टँकमधले दोन काळे मॉली मासे. त्यांना कागदात गुंडाळून जास्वंदीच्या कुंडीत पुरताना मी मुलावर, दुकानदारावर, स्वतःवर, सगळ्यांवर चिडले होते.

उरला एकच मासा, मुलाचा लाडका केशरी गोल्डफिश. तो आता सारखा पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होता. ते पाहवत नव्हतं. सासूबाईंचा श्वास शेवटी असाच चालायचा. खरं सांगायचं तर मला माशांचं काही एवढं प्रेम नव्हतं. पण या घरात, माझ्या हाताखाली, आणखी काही मरायला नको होतं. एवढंच मागणं होतं माझं.

म्हणून मी पाणी बदलत बसले. ऑफिसमधून यायचं, पर्स टाकायची, नळी लावायची, बादल्या ओढायच्या. कंबरेचा पार काटा ढिला झाला. बाबा समोरच्या खुर्चीत बसून पाहत असायचे.

"कुठून आले असतील हो हे किडे?" मी एकदा त्यांना विचारलं.

"पाण्यात जीव असायचेच," ते म्हणाले, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

पाणी दोन दिवस बरं दिसायचं, मग पुन्हा गढूळ. वास यायला लागला. शेवटी मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत टँकच्या तळाचं पाणी भरून मी कॉलेजात नेलं. बसमध्ये बरणी मांडीवर धरून बसले होते. शेजारची बाई सरकून बसली. आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडम तेलुगू आहेत, मोठ्या हौशी. त्यांनी पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मलाच बघायला लावलं.

एकच लाल डोळा असलेला एक जीव होता. शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन भरल्या पिशव्या लटकत होत्या, आणि त्या घेऊन तो धडपडत पुढे जात होता. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढणारी मीच जणू. इतके दिवस ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याची मला दया आली.

मॅडम म्हणाल्या, हे सायक्लॉप्स. माशांना काही करत नाहीत, उलट मासेच यांना खातात. ते दोऱ्यासारखे किडेही कुजलेल्या गाळावर जगणारे. "पण एवढे वाढले म्हणजे यांना खायला भरपूर मिळतंय," असं म्हणून त्यांनी गाळात आयोडीनचा थेंब टाकला. गाळ काळानिळा झाला. वर तुपाचा तवंगही दिसत होता.

"एवरो अन्नम् वेस्तुन्नारंडी," त्या म्हणाल्या. कोणीतरी भात घालतंय.

घरात आम्ही दोघं. मी घालत नव्हते.

दुसऱ्या शनिवारी मला सुट्टी होती. दुपारी बाबांचं ताट वाढून हॉलमध्ये ठेवलं, स्वयंपाकघरात गेले आणि दाराआड उभी राहिले. त्यांनी भातावर वरण-तूप घेतलं, मऊ कालवलं, एक छोटा घास केला. मग टेबलाचा आधार घेत उठले. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागतो. टँकचं झाकण उचलून त्यांनी तो घास पाण्यात सोडला. गोल्डफिश वर आला, त्यानं तोंड लावलं, निम्माअधिक भात खड्यांत पडला. मासा खातोय हे नीट पाहिल्यावर बाबा परत येऊन बसले आणि जेवायला लागले.

माझा तोल गेला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. "बाबा, काय करताय हे? मी मरमर मरून पाणी बदलतेय, कंबर मोडलीय माझी, आणि तुम्ही त्यात भात कालवताय? दोन मासे मेले. हाही मरेल आता. पोराला काय सांगू मी?"

बाबांचा हात ताटातच थांबला.

"मला मालूम नव्हतं," ते म्हणाले. "मासा आवडीनं खातो, वाटलं त्याला चांगलंच आहे." मग म्हणाले, "ती आजारी असताना आधी तिला भरवायचो, मग मी बसायचो. तिनं गिळलं म्हणजे मग माझं. तू ऑफिसात असायचीस. तीच आदत पडली. पयला घास दुसऱ्याला दिल्याबिगर हात तोंडाकडे जात नाही. आधी बाल्कनीत ठेवायचो, कावळा यायचा. मग तुम्ही जाळी मारली."

कबुतरांचा त्रास होता, बाबांना खोकला लागायचा, म्हणून आम्ही बाल्कनीला जाळी लावून घेतली होती. कावळ्याचा विचार कोण करतो?

"गुरुजींनी सांगितलेला विधी वगैरे काही नाही," ते म्हणाले. "खामखा तुला तकलीफ झाली. आता नाही टाकणार."

आणि नाही टाकला. मी खड्यांतला कुजका भात नळीनं ओढून काढला. पाणी निवळलं, किडे कमी झाले, मासा वर यायचं सोडून खाली फिरायला लागला. मुलानं व्हिडिओवर पाहिलं आणि "बघ, मी बोललो होतो ना," म्हणाला. 

पण मी सकाळी बाबांसाठी भरून ठेवलेल्या डब्यातला भात रोज संध्याकाळी तसाच सापडायला लागला. पोळी अर्धी, भाजी चिवडलेली. "भूक नव्हती," बाबा म्हणायचे. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, तेही पडून राहिलं. त्यांच्या सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल दिसायला लागली. मासा वाचवला, पण माणूस उपाशी राहायला लागला, हे मला दिसत होतं. काय करावं ते कळत नव्हतं, आणि खरं म्हणजे त्यावर विचार करायचीही ताकद नव्हती.

ॲडमिशनचे दिवस आले. ऑफिसात पालकांची झुंबड, कॉम्प्युटर बंद, सकाळपासून पोटात फक्त चहा. बस मिळाली नाही, ऑटोवाला अर्ध्या वाटेतच उतरवून गेला. घरी येऊन कुकर लावला, बाबांना वाढलं आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिले. एरवी त्यांचं झाल्यावर मी ओट्याशीच उभ्या उभ्या जेवते. त्या दिवशी ओट्यापर्यंतही जाववेना.

बाबांनी भात कालवला. छोटा घास केला. तो हातात धरून ते तसेच बसले. मग घास ताटाच्या कडेला ठेवला आणि ताट थोडं पुढे सरकवलं.

"बाबा, तो मला द्या," मी म्हटलं.

"तुला? अगं, तुझं ताट घे की वाढून."

"मी जेवले नाही सकाळपासून. तो द्या."

मी तळहात पुढे केला. ते माझ्या हाताकडे पाहत राहिले.

"हातात नाही," ते म्हणाले. "तिचा हात उचलत नव्हता."

मी हात खाली घेतला. लग्न होऊन आल्यापासून मी या माणसासमोर कधी नीट बसून जेवलेही नव्हते. लाज वाटली, रडूही आलं. मी तोंड उघडलं. त्यांची बोटं माझ्या ओठांना लागली. भात ऊन आणि मऊ होता, चावायचीही गरज नव्हती. ते माझ्या गळ्याकडे पाहत थांबले होते.

"गिळलंस?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. मग त्यांनी ताट ओढून घेतलं आणि ते जेवायला लागले.