पहिल्या वर्षाचे कृष्णातमामा

कृष्णात भोपळे पहिल्या दिवशी वर्गात शिरले आणि आम्ही साठच्या साठ जण उठून उभे राहिलो. पांढरा शर्ट, काखेत रेक्झिनची पिशवी, पिकलेले कल्ले. सर नाहीत तर कोण? त्यांनी मागचा बाक धरला आणि म्हणाले, "बसा की पावणं, मीबी शिकायलाच आलोय."

आमच्या वर्गाच्या एकजुटीचा हा पहिला आणि जवळजवळ शेवटचा प्रसंग.

मामा गारगोटीचे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. नोकरीत असताना एका प्रवाशाच्या तक्रारीवरून त्यांची चौकशी लागली होती. मामांनी कुणाची मदत न घेता त्या प्रवाशाचीच उलटतपासणी केली आणि निर्दोष सुटले. वकिलीचा किडा तेव्हाच डोक्यात शिरला. निवृत्त झाल्यावर प्रवेश परीक्षा दिली आणि कोल्हापुरात लॉ कॉलेजला नाव घातलं. तास समजो न समजो, चुकवला एकही नाही.

आमची बाकीच्यांची मैत्री मात्र थोर होती. पहिल्याच आठवड्यात 'लीगल फॅमिली' नावाचा ग्रुप निघाला. त्यावर रोज सकाळी न्याय आणि बंधुतेचे मेसेज यायचे. लायब्ररीत करार कायद्याचं बरं पुस्तक एकच होतं. ते मंगळवार पेठेतल्या निशिगंधानं महसूल कायद्याच्या कपाटामागं लपवलं होतं. मला हे ठाऊक होतं, कारण मीही ते तिथंच लपवायचं ठरवलं होतं.

शिरोळचा गोमटेश ग्रुपचा लाडका. त्याच्याकडं चारचाकी होती. प्रेमाला आणखी कारण लागत नाही. दिवाळीनंतर त्याच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात उसाला तोड आली. कारखान्याची टोळी दारात आल्यावर तिला पुढच्या महिन्यात या म्हणता येत नाही. गोमटेश महिनाभर फडातच राहिला. आम्ही ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. नोट्स कुणी पाठवल्या नाहीत. उगाच त्याच्या कामात व्यत्यय नको.

तो परतला तेव्हा बोर्डावर त्याचं नाव लागलं होतं. हजेरी अपुरी, परीक्षेला बसता येणार नाही.

"डॉक्टरचा दाखला आण. कावीळ लिहून घे, कावीळ कुणी तपासत नाही," निशिगंधानं भावी वकिलाला शोभेल असा सल्ला दिला.

मामा भडकले. "विनातिकीट ते विनातिकीट! उद्या काळा कोट घालून हेच करायचं काय? चल रं गोमटेश, मॅडमकडं. काय झालं ते खरं सांगू."

खरं बोलणारा विद्यार्थी बघून प्राचार्य मॅडम गोंधळल्या असाव्यात. बुडालेले तास पंधरा दिवस रोज सकाळी सातला भरून काढ, म्हणाल्या. पण एकट्यासाठी सर येणार नाहीत, निदान चौघं तरी हवेत.

मामांनी वर्गात विचारलं. एकाला थंडी बाधत होती, दोघांचे क्लास होते, उरलेल्यांच्या घरी एकदम पाहुणे येणार होते.

"बरं. गोमटेश एक, मी दोन," मामा म्हणाले आणि आमच्याकडं वळले. "निशिगंधाताई, तुमास्नी महसूल कायद्यात लई रस दिसतोय. रोज त्याच कपाटामागं असता. आन् हे पावणं तुमच्या मागनं."

गर्दीत पोत्याआड दडलेला प्रवासी हुडकण्यात या माणसाची तीस वर्षं गेली होती, हे आम्ही विसरलो होतो. आम्ही दोघं स्वयंस्फूर्तीनं तयार झालो.

पंधरा दिवस मामा पहाटेची पहिली गाडी धरून यायचे. गोमटेशची आई दशम्या बांधून द्यायची. तिसऱ्या दिवशी ते पुस्तक 'सापडल्याचं' निशिगंधानं जाहीर केलं. चार डोकी एका पुस्तकात खुपसून बसलो आणि करार म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं.

निकाल लागला. निशिगंधा पहिली, गोमटेश पास, मी काठावर. मामा मात्र करार कायद्यात नापास. उत्तरं येत होती, पण तीन तास सलग लिहायची हाताला सवय नव्हती. दोन प्रश्न कोरेच राहिले. ग्रुपवर दिवसभर अभिनंदनाचा पूर आला होता. मामांचं नाव कुणी काढलं नाही.

आम्ही तिघं गोमटेशच्या गाडीनं गारगोटीला गेलो. दारातच मामी म्हणाल्या, "सकाळपास्नं जेवल्यालं न्हाईत."

मामा सोप्यात बसले होते. "मी सोडतोय हे. पोरांच्यात म्हातारा शोभत न्हाय."

निशिगंधानं बूड टेकलं आणि मोबाईलवर वेळ लावली.

"वही काढा मामा. पाच मार्कांचं उत्तर, आठ मिनिटं."

"आत्ता?"

"व्हय, आत्ता."

आठ मिनिटांनी तिनं वही ओढली. उत्तर अर्धंच झालं होतं.

"दोन वळी लिव्हू द्या की."

"न्हाय. पुन्हा पहिल्यापासून."

चौथ्या खेपेला उत्तर वेळेत संपलं. मामी ताटं घेऊन आल्या आणि मामा जेवले. त्यानंतर दर रविवारी आम्ही तिकडं जाऊ लागलो. पुढच्या सत्रात मामा करार कायद्यात पास झाले, माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त घेऊन. मी अभिनंदन केलं, अर्थातच मोठ्या मनानं.