बोरीच्या चढावरची अँबॅसिडर

जळक्या क्लचचा वास कुठून आला की मी अजूनही चालता चालता थांबतो. घरचे म्हणतात, झालं, साहेब निघाले ड्युटीवर. हसू देत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता नीट आठवतही नाहीत. बोरी नदीच्या फरशीवरची ती हिवाळ्यातली दुपार मात्र मनातून जात नाही. नावं कोणाचीच सांगणार नाही. त्यातली काही माणसं अजून त्याच रस्त्याने ये-जा करतात.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. मी नवा फौजदार, अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका ठाण्यात. कापसाचे दिवस होते. बैलगाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकून राहायचा. दुपारच्या उन्हात तो रस्ता असा पांढरा, पेंगुळलेला दिसायचा की जीपमधून जाताना आपण जागे आहोत की नाही, असा प्रश्न पडे. ठाण्यातही तेच. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीवर हात ठेवून डुलक्या घ्यायचा. त्याला झापायच्या विचारात असताना माझेच डोळे मिटायचे.

अशाच एका दुपारी निरोप आला. फरशीच्या चढावरून एक अँबॅसिडर मागे घसरली. मागून एक पोस्टमन सायकल ढकलत चढत होता, तो सापडला. पाय मोडला होता आणि शुद्ध नव्हती. एका ट्रॅक्टरवाल्याने त्याला दवाखान्यात नेलं होतं.

त्या ठिकाणी तेव्हा उंच पूल नव्हता. नदीच्या पात्रातून सिमेंटची फरशी टाकलेली, अलीकडून उतार, पलीकडे चांगला दमदार चढ. आम्ही पोचलो तेव्हा गाडीची मागची चाकं घोटाभर पाण्यात होती आणि पोस्टमनच्या थैलीतली पत्रं त्या पाण्यावर हळूहळू वाहत चालली होती. कोणी ओरडत नव्हतं, की रडत नव्हतं. निळी आंतर्देशीय पत्रं, पिवळी कार्डं, त्यांच्यावर ऊन. एवढा मोठा अपघात, आणि मला तिथे उभं राहून क्षणभर छान वाटलं. याची मला आजही लाज वाटते.

गाडीपाशी ड्रायव्हर उभा होता. पन्नाशीचा, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. गावात सगळे त्याला नाना म्हणत.

"मी चालवत होतो साहेब," मी विचारायच्या आधीच तो म्हणाला. "ब्रेक लागला नाही."

मागच्या सीटवर गाडीमालकाची सून बसली होती. मालक म्हणजे कापसाचे व्यापारी, मूळ राजस्थानकडचे, तीन पिढ्या इथे. सून रोज दुपारी सासऱ्यांचा डबा नदीपलीकडे त्यांच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, पोचवायची आणि परत यायची. वय पंचविशीच्या आतलं. डोक्यावर पदर, मांडीवर रिकामा डबा. "मला झोप लागली होती," एवढंच म्हणाली आणि पाण्यातल्या पत्रांकडे बघत राहिली.

मी पंचनामा केला, पत्रं गोळा करवली. दोन दिवस ती ठाण्याच्या ओसरीत दगडाखाली वाळत पडली होती. वाचली नाहीत, पण पत्ते वाचले, आणि पोस्टखात्याच्या ताब्यात देईपर्यंत अर्ध्या तालुक्याची नावं मला पाठ झाली.

गुन्हा साधा होता. हयगयीने वाहन चालवून गंभीर दुखापत. आरोपी कबूल, जामीनपात्र कलम, दोषारोपपत्र आठवड्यात गेलं असतं. वरिष्ठही तेच म्हणाले, कशाला घोळ घालता. पण मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल आला आणि माशी शिंकली. पायाचा ब्रेक चांगला. हँडब्रेक चांगला. निकामी झाला होता तो फक्त क्लच.

आता माझं सांगतो. मला गाडी चालवता यायची, पण कशीबशी. क्लचवर पाय ठेवून बसायची वाईट सवय. आमच्या जीपचा ड्रायव्हर-हवालदार हाताखालचा माणूस असूनही मला त्यावरून सोडायचा नाही. "साहेब, पाय काढा. क्लच म्हणजे पायपुसणं नाही." वर्षभरात मी जीपची एक क्लच-प्लेट खाल्ली होती, तो हिशेब त्याने कधी विसरू दिला नाही. अँबॅसिडरची प्लेट गॅरेजात उतरवली तेव्हा मी त्यालाच सोबत नेलं. त्याने ती उन्हात धरून फिरवून फिरवून पाहिली.

"ही झिजलेली नाही साहेब, जाळलेली आहे. तुमची प्लेट झिजून कागद झाली होती. हिची जाडी शाबूत आहे, फक्त वरून काळीनिळी पडलीय. चढावर अर्धा क्लच दाबून कोणीतरी नुसती रेस दिली. पाच-दहा मिनिटांचं काम." मग प्लेट खाली ठेवत म्हणाला, "नाना असं करणार नाही. बावीस वर्षं झाली त्याला. गाडीला ओरखडा नाही."

चढाच्या वरच्या टोकाला एक आबा पेरूची टोपली घेऊन बसत. अपघाताच्या दिवशी त्यांचा जबाब घेतला होता, तेव्हा "काही पाहिलं नाही" एवढंच लिहून दिलं होतं. मी पुन्हा गेलो. पेरू घेतले, शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने ते आपणहून बोलले.

"मी डोया मिटीसन पडेल व्हतू भाऊ, पन कान उघडा व्हतात. ती गाडी रोज येस. खाले गेर बदलस नी गुमान वर जास. त्या दिन लई रडनी."

रोज गुमान वर जाणारी गाडी त्याच दिवशी का रडली? मी नानांना ठाण्यात बोलावलं. चहा दिला. दरडावून पाहिलं, गोडीत घेऊन पाहिलं.

"ब्रेक तर चांगला निघाला, नाना."

"मग माझा पाय चुकला असेल."

"आणि क्लच?"

"माझ्याकडूनच जळला."

"लायसन्स जाईल. तुरुंगातही जाल. घरी कोण कमावतं दुसरं?"

"कोणी नाही साहेब," नाना म्हणाले आणि चहाचा कप बशीवर इतका हलकेच ठेवला की आवाज झाला नाही.

खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा कमी बोलत होता, आणि त्याचाच मला राग येत होता. ड्रायव्हरचं लायसन्स गेलं की घरची चूल थंड, हे त्याला मी सांगायला हवं होतं का?

शेवटी मी एक नियमात न बसणारी गोष्ट केली. गाडीला नवी प्लेट बसली होती. मी नानांना म्हणालो, मला घटनास्थळी घेऊन चला, कसं झालं ते दाखवा. हवालदार जीप घेऊन मागून येत होता. मी पुढे नानांशेजारी बसलो, वही उघडून, पेन हातात. नजर त्यांच्या पायावर ठेवायची असं ठरवलं होतं. डावा पाय क्लचवर जायचा, काम करून लगेच बाजूला. स्टेअरिंगखालचा गिअरचा दांडा दोन बोटांनी हलायचा. उतार जवळ आला की ते आधीच गिअर खाली घेत, इंजिन स्वतःच गाडीला आवरून धरी, ब्रेकला हात... म्हणजे पाय लावायची गरजच पडत नसे. खिडकीतून कोवळं ऊन येत होतं. बाभळी, कापूस, पुन्हा बाभळी. इंजिनाचा आवाज जाड व्हायचा, पातळ व्हायचा, मधे कुठे जोड दिसायचा नाही.

"साहेब," नाना म्हणाले, "आलो."

मी दचकून उठलो. गाडी चढाच्या वर उभी होती. फरशी मागे गेली होती. उतार, पाणी, चढ, तिसऱ्यातून दुसऱ्यात घेतलेला गिअर, यातलं काही म्हणजे काही मला कळलं नव्हतं. आरोपीच्या शेजारी बसून तपासी अंमलदार गाढ झोपला होता! वहीत पेनाची एक लांब रेघ तेवढी ओढली गेली होती. जीपमधून हवालदार उतरला तेव्हा मी वही मिटली. त्याला हे कधी सांगितलं नाही, आज लिहितोय.

पण त्या डुलकीनेच गुन्हा उलगडला. ज्याच्या चढउतारावर माझ्यासारख्या संशयी माणसाला झोप लागते, त्याने ती प्लेट जाळलेली नाही. मग गाडीत दुसरं होतं तरी कोण?

"नाना, सून चालवत होती ना?"

त्यांनी समोरच्या काचेवरून नजर हलवली नाही. "मी चालवत होतो," ते म्हणाले. चेहरा मात्र पार उतरला होता.

दुसऱ्या दिवशी मी गाडीमालक शेठजींच्या घरी गेलो. पोलीस नोकरीत एक युक्ती लवकर शिकलो होतो. बोलायचं एकाशी आणि ऐकवायचं दुसऱ्याला. मी बैठकीत शेठजींसमोर बसलो आणि आतल्या दारापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणालो, "नानांवर खटला भरतोय. शिक्षा होईल. लायसन्स तर जाणारच. या वयात दुसरं काय काम करणार बिचारे."

"वाईट झालं," शेठजी म्हणाले. "माणूस भरवशाचा होता."

आतल्या दाराचा पडदा हलला. सून बाहेर आली. सासऱ्यांसमोर तिने कधी तोंड उघडलं नसेल.

"गाडी मी चालवत होते. नाना दोन महिन्यांपासून मला शिकवतात. मीच मागे लागले होते. त्यांना सोडा."

शेठजी तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी मान खाली घातली. मी जबाब लिहून घेतला. खरं सांगतो, मला स्वतःचा फार अभिमान वाटला त्या दिवशी.

दोघांवर दोषारोपपत्र गेलं. तिच्यावर विनापरवाना आणि हयगयीने चालवल्याचं, नानांवर परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हाती गाडी दिल्याचं. दोघांनी गुन्हा कबूल केला, दंड झाला. पोस्टमनचा पाय जुळला, थोडा लंगडत पण तो कामावर आला. नानांचं लायसन्स वाचलं. शेठजींनी त्यांना त्याच आठवड्यात कामावरून काढलं, पण लायसन्स होतं म्हणून दुसरीकडे काम मिळालं. चांगला तपास म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली.

तीन-चार वर्षांनी माझी धुळ्याला बदली झाली होती. एका कामासाठी अमळनेरला आलो होतो आणि परत जाताना एसटी चुकली. स्टँडबाहेर काळीपिवळी जीप भरत होती. पुढे बसलो, तर स्टेअरिंगवर नाना. केस पिकले होते. दोघांनी एकमेकांना ओळखलं, हसलोही. बराच रस्ता गेल्यावर मी विचारलं, "रागावलात का हो माझ्यावर?"

"तुम्ही माझं पोट वाचवलंत साहेब. रागावू कसा." मग पुढची एक बैलगाडी ओलांडून झाल्यावर म्हणाले, "फक्त ते कागदावर लिहिलं ना तुम्ही, की भाभींना चालवण्याचं ज्ञान नव्हतं. कोर्टात ते वाचलं तेव्हा भाभी रडल्या. दंड ऐकून नाही रडल्या."

"मग काय लिहिणार होतो मी?"

"त्यांना येत होतं साहेब. फरशीवर त्यांनी गिअर कसा टाकला होता माहीत आहे? तिसऱ्यातून दुसऱ्यात, मधे जरा रेस देऊन, लोण्यासारखा. गाडी चढत होती. वरून कापसाची गाडी उतरायला लागली, तिचे बैल बुजले आणि मी घाबरून ओरडलो, थांबा. मी म्हणालो म्हणून त्या थांबल्या. बैलगाडी गेली निघून. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलायची कशी, ते मी शिकवलंच नव्हतं अजून. त्या अर्ध्या क्लचवर रेस देत राहिल्या, प्लेट जळली, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी मागे गेली. पुढच्या आठवड्यात शिकवणार होतो."

"हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं, कोण चालवत होतं. त्यांनी सांगितलं. मग तुम्ही वही मिटली."

मागे माणसं कापसाच्या भावावर बोलत होती. मी विचारलं, "आता चालवतात का त्या?"

"नाही. मी दोनदा निरोप धाडला, लायसन्स काढा, मी येतो शिकवायला. घरचेही आता नाही म्हणत नाहीत. पण त्यांना वाटतं, आपल्याला ते कधी येतच नव्हतं. सरकारी कागदावर तसं आहे म्हणतात."

या प्रकरणातून मी शिकलो ते एवढंच. कबुली मिळाली की पोलिसाला झोप येते, आणि नेमका तेव्हाच आणखी एक प्रश्न विचारायचा असतो. पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी हे सांगितलं. कुठून शिकलो ते सांगितलं नाही. त्यानंतर धुळ्यात मी आणखी तीन वर्षं होतो. अमळनेरला कितीतरी वेळा गेलो. शेठजींच्या दारात जाऊन त्या बाईला एक वाक्य सांगायचं होतं, की तुम्हाला येत होतं, चुकीचं मी लिहिलं. घर माहीत होतं, स्टँडपासून दहा मिनिटांवर. मी गेलो नाही.