रघुपतीअण्णांनी वर केलेला हात

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ रघुपती, एकदाच आमदार झाले आणि त्यातच एकटे पडले. मी अहल्या, त्यांची धाकटी बहीण. जे. पी. नगरात त्यांच्या मागच्याच गल्लीत राहते, रोज दुपारी डबा घेऊन जाते आणि रोज भांडून परत येते.

आमदार होण्याआधी अण्णा सव्वीस वर्षं कारखान्यात लेथवर होते. युनियनचे अध्यक्ष झाले ते गेट मीटिंगच्या जोरावर. पाळी सुटली की गेटपाशी सभा भरायची. आत यंत्रांची धडधड, बाहेर बसचे हॉर्न. तोंडानं बोललेलं कुणाला ऐकू जाणार, कपाळ? म्हणून मत द्यायचं ते हात वर करून. अण्णा बाकावर चढून एकेक हात मोजायचे आणि मोजून होईपर्यंत कुणी तो खाली घ्यायचा नाही. नुसता आरडाओरडा करणाऱ्याचं मत धरायचं नाही, हा त्यांचाच नियम. शेजारच्या लेथवरचे श्रीहरी त्यांचे जिवाचे दोस्त. अण्णांना निवडून आणायला ते घरोघर फिरले, चपला झिजवल्या बिचाऱ्यांनी.

आणि पहिल्याच अधिवेशनात घोळ झाला! कामगारांची वसाहत पाडून जमीन विकायला परवानगी देणारं विधेयक आलं. बाकीचे विरोधक सभात्याग करून आधीच बाहेर गेलेले. अध्यक्षांनी विचारलं, विरोधात कोण? अण्णांनी हात वर केला, ताठ, आणि मोजतील म्हणून बसून राहिले! अहो, तिथं आवाजी मतदान असतं. 'नाही' म्हणून ओरडायचं असतं. यांचा हात वरच, आणि तिकडे विधेयक मंजूर. पुढचा विषयसुद्धा सुरू झाला.

वसाहत पाडली. श्रीहरी सर्जापूर रोडला मुलाच्या दोन खोल्यांत राहायला गेले. अण्णा विकले गेले, असं जो तो म्हणू लागला. हाताची गोष्ट सांगत अण्णा सगळ्यांच्या मागे धावले, पण विश्वास कोण ठेवणार? पुढच्या निवडणुकीत डिपॉझिट गेलं. आता त्यांना फोन येतो तो फक्त माझा. दिवाळीलासुद्धा दारात कुणी येत नाही. मी चिडले की म्हणतात, "स्वल्प धीर धर, अहल्या. हरी येईल." अकरा वर्षं झाली, हरी काही आले नाहीत.

यंदा अण्णांनी अर्ज करून त्या दिवसाचं छापील कामकाज मागवलं. श्रीहरींना पुरावा दाखवायचा होता, बाकी जगाचं त्यांना काही नव्हतं. कागद आले. त्यात छापलेलं, 'विरोधात कोणी नाही.' वर केलेला हात कोण लिहून घेतो? अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी मीच म्हटलं, "पुरावा गेला खड्ड्यात, उठा," आणि त्यांना रिक्षात बसवलं.

श्रीहरी खाटेवर पडलेले होते, अगदी वाळलेले. कसा आहेस नाही, काही नाही, अण्णा उभ्या उभ्या म्हणाले, "हरी, मी हात वर केला होता रे. शपथ."

"मला ठाऊक आहे," श्रीहरी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तू दुसरं काय करणार?"

अण्णांचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे!

"पण रघू, मंजूर म्हटल्यावर तरी कळलं ना, हात कुणी बघितला नाही ते? तेव्हा का नाही ओरडलास?"

एरवी मी मध्ये तोंड घातलं असतं, पण मलाही उत्तर ऐकायचं होतं.

"सगळे हसतील असं वाटलं," अण्णा म्हणाले. "लेथवरचा माणूस, याला काय कळतंय, असं म्हणतील."

"सरी, ठीक आहे, या आता," श्रीहरी म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

हसतील, एवढंच! अकरा वर्षांत हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. त्या हातासाठी मी नात्यागोत्यात सगळ्यांशी भांडले होते. परतताना रिक्षात अण्णा माझ्या शेजारी बसले होते, दोनदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी रस्त्याकडे बघत बसले.