अर्ध्या इंचाची प्लेट

रोज सकाळी दुकान उघडलं की लटारूभाऊ उंदीरवाडे आधी बल्ब लावायचे आणि त्याच्याकडे बघत उभे राहायचे. उजेड पांढरा असला तर वीज धड. तांबूस असला तर दाब कमी, वेल्डिंगचं मशीन बंदच. वेल्डिंग ते ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे राबताना शिकले. तिथली मशीनं मोठी होती. एटापल्लीतलं त्यांचं मशीन लहानसं, घरच्या विजेवर चालणारं. खिडकीचे गज, खाटेचे पाय, एवढ्यापुरतं.

१९८६ च्या मे महिन्यात ट्रॅक्टरवाल्या वामनरावांची ट्रॉली दारात आली. ट्रॅक्टरला अडकवायच्या दांडीवरची अर्ध्या इंचाची प्लेट तडकली होती. वर तेंदूपत्ता तोडायला निघालेल्या बाया बसलेल्या. त्यांत लटारूभाऊंची बायको गुणाबाईही होती. त्या दिवशी बल्ब तांबूस होता.

“लटारू, काम करतं का मुहूर्त पाहून राह्यला?” वामनराव म्हणाले.

बाया हसल्या. लटारूभाऊंनी मशीन सुरू केलं. जोड सरळ, देखणा आला. ट्रॉली गेली.

पण त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. त्यांनी तेवढ्याच जाडीचे दोन तुकडे तसेच जोडले आणि हातोडा घातला. दुसऱ्या घावाला जोड खपलीसारखा निघाला. खाली लोखंड कोरं होतं. ते वितळलंच नव्हतं. आधी खाच पाडायला हवी होती, प्लेट खोलून निखाऱ्यांवर तापवायला हवी होती, मग थरावर थर द्यायचा. हे सगळं त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी सायकल काढली. छाती फुटेस्तोवर पायडल मारलं. वाटेत आणखी बाया घेत ट्रॉली थांबत चालली होती, म्हणून नाल्याच्या अलीकडे गाठ पडली.

“उतरा! साऱ्या उतरा!”

“काऊन?” गुणाबाई वरूनच म्हणाल्या. “तुमीच जोडून देल्ली ना आत्ता?”

“जोड धरला नाई.”

“एवढ्या बायांसमोर सांगाले लाज नाई वाटत?” वामनराव चिडले.

“वाटते. उतरा.”

सुकरी नावाच्या पोरीने पहिली उडी मारली. “मंग आमाले सायकलीवर डबलशीट नेता का, भाऊ?”

हसत, कुरकुरत बाया उतरल्या. लटारूभाऊ हसले नाहीत.

“रिकामी नेऊन दाखवतो,” म्हणत वामनरावांनी ट्रॅक्टर नाल्यात घातला. पलीकडच्या चढावर तो घुरघुरला. लटारूभाऊंची नजर दांडीवर होती. अर्ध्या चढावर टण्णदिशी आवाज झाला. ट्रॉली सुटली, उलटी घरंगळली आणि वाळूत कलंडली. शिदोरीची गाठोडी नाल्यात विखुरली.

गुणाबाई नाल्यात उतरून गाठोडी वेचू लागल्या. वामनराव ट्रॅक्टरवरून उतरून आले.

लटारूभाऊ वाळूतून दांडीपाशी गेले. तुटलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, प्लेटचे नट चाचपले.

“पाना हाये का, वामनराव?” ते म्हणाले. “ही प्लेट दुकानात न्या लागते, निखाऱ्यावर तापवाले.”