न झालेले बॅरन

इथे आखातात, अझैब्यातले आमचे शेजारी आयरिश होते. नवं कुणी भेटलं की डोक्यावरची गवती टोपी काढून ते वाकत आणि म्हणत, "मी न झालेला बॅरन." कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही त्यांना बॅरनच म्हणे. पदवी कशी संपली ते सांगताना तर त्यांना हसू आवरत नसे. "पणजोबा शेवटचे बॅरन. त्यांना चार मुली, चारही हुशार, आणि कायदा म्हणतो, घरात वारस नाही. खलास."

एका गणपतीला माझे वडील कुडाळहून आले होते. गावच्या जत्रेत पहिला नारळ फोडायचा मान आमच्या घराचा, आणि मला एकुलती एक मुलगी. "तुझ्यामागे कोण?" हे बाबा मोदक खातानाही विचारत. आरती झाल्यावर त्यांनी नारळ फोडायला शेजाऱ्यांच्या हातात दिला, पाहुण्यांचा मान. शेजाऱ्यांनी तो घेतला, डोक्यावर टोपी नसताना ती काढल्यासारखा हात केला आणि वाकून नारळ माझ्या मुलीपुढे धरला.

"आमच्याकडे हे करायचं राहून गेलं," ते म्हणाले. मी बाबांना मराठीत सांगितलं. बाबा काही बोलायच्या आत मुलीने उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर नारळ आपटला.

बाबांनी दोन्ही भकलं उचलून नीट पाहिली. "एका फटक्यात फुटलो. तुझ्या बापाशीक तीन लागतत," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "जत्रेक हिका घेऊन ये."